डोकं की पाय

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१३ जानेवारी २०२५

चमन,

मायना घालत नाही. 'मित्रा' लिहिलं तर तू पत्र चुलीत घालशील, आणि 'श्री. चमन मुल्ला' लिहायला माझा हात वळत नाही. फोन दोनदा केला. दोन्ही वेळा माझा आवाज ऐकून तू ठेवून दिलास. म्हणून हा कागदाचा उपद्व्याप.

पत्ता तुझ्या झिशानकडून मिळाला. आमच्या सम्राटने पंचावन्न इंची टीव्ही घेतला. तो भिंतीवर बसवायला दुकानाने माणूस पाठवला. उंच, डावरा, ड्रिल धरताना जीभ दाताखाली. मी चहा विसरून त्याच्याकडेच बघत बसलो. मग पावतीवर नाव वाचलं. म्हटलं, "हातकणंगल्याचा का रं तू?" तर म्हणाला, "व्हय काका. तुमी कसं वळीकलासा?" मी सांगितलं, तुझा बाप आणि मी टॉकीजच्या केबिनमध्ये अठरा वर्षं एकाच मशीनवर होतो. पोराने ड्रिल खाली ठेवून सलाम केला. गुणी आहे. दोन कप चहा प्याला, इकडचं तिकडचं बोलला आणि गेला.

आता टीव्हीची कथा ऐक. ती समजेल असा माणूस या पेठेत दुसरा उरला नाही.

सम्राटने माझ्यासाठी म्हणून जुना काळा-पांढरा मराठी पिक्चर लावला. बघतो तर नायिका म्हशीएवढी रुंद. नायकाचं तोंड पसरलेलं. बैलगाडी आली, तिचं चाक अंड्यासारखं. मी ओरडलो, "अरे चाक बघा, चाक! चाक कधी असं असतंय?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. सम्राट म्हणाला, "आबा, मोठ्या टीव्हीवर असंच दिसतंय."

असंच दिसतंय! आपण रीळ चढवलं की पहिल्यांदा काय शोधायचो? चाक, चंद्र, नाहीतर नायिकेची टिकली. जे गोल असतं ते गोल दिसलं की लेन्स बरोबर. तेवढं एक कळलं की बाकी सगळं कळलं.

मी रिमोट घेऊन बसलो. त्यात 'पिक्चर साइज' म्हणून एक जागा असते, तिच्यात सोळा बाय नऊ, चार बाय तीन, झूम आणि ओरिजिनल. चार बाय तीन दाबलं, नायिका बारीक झाली, चाक गोल झालं, डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या आल्या. माझा जीव भांड्यात पडला. तर सम्राट म्हणतो, "एवढा मोठा टीव्ही घेतला आन् तुमी त्यो झाकून ठेवलासा की!" त्याला वाटतं, काळी पट्टी म्हणजे टीव्ही बिघडला. दुसऱ्या दिवशी स्कोपचा, लांबच लांब चौकटीचा नवा पिक्चर लागला, त्याला वर-खाली पट्ट्या. सम्राटने झूम दाबलं. पडद्यावर दोघांचं भांडण चाललेलं, एक या टोकाला, एक त्या टोकाला. दोघेही कापले गेले, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून मधला कंदील बघितला.

बसवत नाही, चमन. जेवताना उठतो आणि रिमोट शोधतो. शेजारच्या तीन घरांत जाऊन त्यांचे टीव्ही सुधारून आलो. दोघांनी माघारी पुन्हा बिघडवले.

तू का बोलणं टाकलंस ते तूच जाणे. मी विचारणार नाही. मेहमुदावहिनींना नमस्कार.

आकाराम


२० जानेवारी २०२५

चमन,

उत्तर नाही. ठीक आहे, मी कुठे मागितलं होतं.

काल दुपारी सगळे जेवून बसलेले, आणि टीव्हीवर तो पिक्चर लागला. तोच. आपला रविवारचा. तुला नाव सांगायला नको.

मी सेटिंग नीट करून ठेवलं होतं, पण कोणीतरी पुन्हा झूम केलेलं. फडातली बैठकीची लावणी संपली आणि ती उभी राहिली. ढोलकी सुरू झाली, घुंगरांचा आवाज यायला लागला आणि पडद्यावर पाय नाहीत. गुडघ्यापर्यंत बाई, खाली टीव्हीची कड. वरून अंबाडा कापलेला. माझ्या हातातली वाटी खाली ठेवायची राहिली. मी म्हटलं, "पाय दाखवा." सून तेजस्वी म्हणाली, "काय आबा?" मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं, "अगं पाय दाखवा की!" सगळे हसायला लागले.

तेजस्वी शहाणी आहे. सगळे उठल्यावर जवळ येऊन म्हणाली, "आबा, मला नीट समजून सांगा." मी तिला डबा आणायला लावला, पोळ्यांचा नाही, लांबट प्लास्टिकचा. म्हटलं, यात भाकरी ठेव. तीनच वाटा. भाकरी ओढून लांब कर, म्हणजे फाटेल, बेढब होईल. नाहीतर मोठी थाप आणि वर-खाली कापून टाक. नाहीतर गोल ठेव आणि कडेला जागा मोकळी राहू दे. जुना पिक्चर जवळजवळ चौकोनी काढलेला असतो, नव्या टीव्हीचा आकार लांबट. मोकळी जागा राहणारच. ती जागा म्हणजे तोटा नव्हे, पिक्चर पुरा असल्याची खूण आहे. ती म्हणाली, "म्हंजे काळ्या पट्ट्या आल्या की बरोबर." तेवढ्यात तिला कळलं. आपल्या मालकाला जन्मभर कळलं नाही. 'पब्लिक सगळ्या पडद्याचे पैसे देते, सगळा पडदा भरा!' आठवतं?

मग मी गच्चीवर जाऊन फेऱ्या मारत बसलो. त्या रविवारी मी टॉकीजमध्ये नव्हतो. मला जे माहीत आहे ते शालूबाईकडून, ती बायकांच्या दारावर तिकिटं फाडायची. ती सांगते, मालकाने अचानक मॅटिनीला जुना पिक्चर लावला, पाहुणे बोलावले, गावातले सिनेमातले म्हातारे कलाकार पुढच्या रांगेत. आणि तू केबिनमध्ये डबा शोधतोयस. जुन्या पिक्चरची लांब लेन्स आणि तिच्या मापाची पत्र्याची पट्टी, ज्या पट्टीच्या चौकोनातून उजेड बाहेर पडतो ती. दोन्ही आपण बिस्किटाच्या डब्यात ठेवायचो. डबा जागेवर नाही. शेवटी तू रुंद पडद्याची लेन्स आणि पट्टी लावून रीळ सोडलंस.

पहिल्या गाण्यालाच डोकी गेली. पब्लिक ओरडलं, "डोकं! डोकं!" तू फ्रेमिंगचा नॉब फिरवलास, डोकं आलं, पाय गेले. लावणी सुरू झाली, तर सगळं टॉकीज उभं राहून "पाय दाखवा!" तू खाली घेतलंस, तर पुढचे पाहुणे "डोकं, डोकं!" एक तास तू नॉबवर हात ठेवून उभा होतास. शालूबाई हे सांगताना अजून डोळे पुसून हसते. मीही हसत आलोय. काल पहिल्यांदा हसू आलं नाही.

एक गोष्ट मागच्या पत्रात लिहायची राहिली. झिशानने चहा पिताना मला विचारलं, "काका, एक विचारू का? लोक म्हणत्यात, अब्बांनी टॉकीजची लेन्स चोरली हुती. खरं हाय का?"

आकाराम


२ फेब्रुवारी २०२५

चमन,

तेरा दिवस झाले. तेवढे दिवस मी या ओळीपुढे बसतो आणि उठतो. आज बसलोय तर लिहूनच उठतो.

मी झिशानला म्हटलं, "जुनं झालं रे ते सगळं. कशाला उगाळायचं?"

एवढंच. आणि पाठीवरून हात फिरवला. पोरगा 'व्हय' म्हणाला आणि कप ठेवला. त्याने ते 'खरं आहे' असंच घेतलं, हे मला त्याच क्षणी दिसलं. तरी मी त्याला बिस्किटं घे म्हटलं.

तो डबा मी नेला होता. तुला हे माहीत आहे. केबिनच्या किल्ल्या दोनच होत्या, एक तुझ्याकडे, एक माझ्याकडे. माझ्या सासुरवाडीची जत्रा होती. मेव्हणा विजयसिंह जत्रेच्या कमिटीत. त्यांनी तंबूत तोच जुना तमाशाचा पिक्चर लावायचं ठरवलेलं आणि तंबूवाल्याची लेन्स फुटलेली. मेव्हण्यासमोर मला मोठेपणा करायचा होता. आपल्याकडे आठवडाभर स्कोपचा पिक्चर आहे, जुन्या लेन्सचं कामच नाही, मंगळवारी परत आणून ठेवू, असा हिशेब. कोणाला विचारलं नाही. तुलाही नाही, कारण तू नको म्हणाला असतास.

म्हणजे तू टॉकीजमध्ये नॉब फिरवत होतास, त्याच दुपारी मी तंबूत सतरंजीवर पुढे बसून तीच लावणी बघत होतो. आपल्याच लेन्समधून. अंबाड्यापासून घुंगरांपर्यंत अख्खी बाई. गावाने शिट्ट्या मारल्या आणि मेव्हण्याने माझ्या खांद्यावर हात टाकला.

सोमवारी आलो तेव्हा मालक तुला काढून मोकळे झाले होते. सगळ्यांसमोर तुझ्या मुस्काटात मारली, हेही दारातच कळलं. मला केबिनमध्ये बोलावलं आणि विचारलं, "डबा कुठाय?" मला अजून एक श्वास मिळाला असता तर मी खरं बोललो असतो, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलोय. खोटं आहे ते. मला भरपूर वेळ होता. मालकांनी पानसुद्धा लावून खाल्लं. मग मी म्हणालो, "मला काय ठाऊक? किल्ली चमनकडं असती."

मंगळवारी मी डबा रिकाम्या रिळांमागे ठेवून दिला. तो सापडला तेव्हा मालक म्हणाले, भिऊन परत आणून टाकला चोराने. पक्का चोर झालास तू त्या डब्यामुळे. आणि मी हेड ऑपरेटर झालो.

तू इचलकरंजीला यंत्रमागाच्या शेडवर गेलास असं ऐकलं. शेडमधल्या खडखडाटाने तुझा एक कान गेला, हे झिशानने त्या दिवशी सांगितलं. मी विचारलं, "अब्बा पिक्चर बघतात का?" म्हणाला, "घरात टीव्ही हाय, पण अब्बा त्या खोलीत बसत न्हाईत."

माफी माग, असं तू म्हणणार नाहीस. तरी मागतो. माझं चुकलं, चमन.

आकाराम


११ फेब्रुवारी २०२५

चमन,

तुझं कार्ड आलं. पोस्टमनने ते सम्राटच्या हातात दिलं, त्याने मोठ्याने वाचलं: "मला कशाला लिहितोस? मला ठाऊकच हाय." सही नाही. अक्षर अजून तसंच, रिळाच्या डब्यांवर नंबर टाकायचास तसं.

दिवसभर मी त्या एका ओळीवर चिडलो. मग कळलं की राग येण्यासारखं तिच्यात काही नाही. ज्याला ठाऊक आहे त्याला मी पानंच्या पानं लिहितोय आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांच्याबरोबर चहा पितोय.

म्हणून काल सकाळी कट्ट्यावर गेलो. शालूबाई होती. मालकांचा अमरसिंह होता, टॉकीजच्या जागी आता त्याचं मंगल कार्यालय आहे. आणखी चार जण. मी उभा राहून सांगितलं. जत्रा, मेव्हणा, डबा, मालकांना काय बोललो ते, सगळं. एक शब्द गाळला नाही.

मग शालूबाई म्हणाली, "आकाराम, तू लई चांगला हाईस बाबा. मेलेल्या-गेलेल्या गोष्टीत दोस्ताला वाचवायला आपल्या अंगावर घ्यायलास."

मी म्हटलं, "अगं शालूबाई, वाचवत न्हाय, मीच लेन्स नेलती!"

"व्हय व्हय," ती म्हणाली, "बस, चा घे."

अमरसिंह म्हणाला, "मामा, वडील शेवटपतूर म्हणायचं, आकारामसारखा सरळ माणूस बघितला न्हाय." आणि त्याने माझ्या पायाला हात लावला. चमन, माझ्या पायाला! मी ओरडलो. भर कट्ट्यावर त्याला वाईट बोललो. तर दोघे-तिघे मला धरून बसवायला लागले. वय झालंय, बीपी वाढेल म्हणाले. घरी परत आणून सोडलं. संध्याकाळी अमरसिंहने शहाळी पाठवली.

एकोणतीस वर्षं मी चांगला माणूस म्हणून वागलो, त्याचं हे फळ. आता माझं खरं कोणाला पटत नाही. तुला चोर करायला मला एक वाक्य पुरलं होतं, आणि ते फिरवायला सहा माणसांपुढे तासभर घसा फोडूनही जमलं नाही. लाज वाटते. त्याहून जास्त संताप येतो, आणि कोणावर काढावा कळत नाही.

सम्राटला सगळं सांगितलं. त्याने विश्वास ठेवला. कालपासून माझ्याशी धड बोलत नाही, त्यावरून समजलं.

झिशानला बोलावणार आहे. तू नको म्हणालास तरी.

आकाराम


२२ फेब्रुवारी २०२५

चमन,

आज झिशान येऊन गेला. जसं झालं तसं लिहितो, कारण यातलं काही तो तुला सांगेल आणि काही सांगणार नाही.

दुकानात तक्रार नोंदवली की टीव्हीचं चित्र बरोबर येत नाही. अकराच्या सुमारास आला. रिमोट घेतला, बघितलं. "काका, समदं बरोबर हाय की. चार बाय तीन लावलंय, पट्ट्या येणारच. ह्येच बरोबर असतंय." मी म्हटलं, कोणी शिकवलं? म्हणाला, "अब्बांनी. ल्हान असताना वहीवर काढून दाखवलं हुतं." आणि मग जरा हसून, "तवा मी ऐकायचो त्यांचं."

मी त्याला खाली बसवलं आणि सांगितलं. शेवटी म्हणाला, "काका, अब्बांनी तुमाला फोन केला का? त्यांच्यासाठी खोटं बोलू नगासा. मला आता सवय झालीया."

पुन्हा तेच. माझं डोकं फिरलं. मी फोन उचलून मेव्हण्याला लावला आणि आवाज मोठा ठेवला. विजयसिंह आता ऐंशीला आलाय, पण आवाज अजून लाउडस्पीकर. मी एवढंच विचारलं, "पावणं, त्या सालच्या जत्रंत तंबूत पिक्चर दाखवलेला, त्याची लेन्स कुणाची हुती?"

"कुणाची म्हंजे? तुमच्या टॉकीजची की! तूच आणलीतास न्हवं, बिस्किटाच्या डब्यातनं! काय दिसलं हुतं गा, नादखुळा! बाईचं पाय अन् पाय! गाव अजून नाव काढतंय तुझं!"

मी फोन ठेवला. विजयसिंहला बिचाऱ्याला वाटलं, मी कौतुक ऐकायला फोन केला.

झिशान फरशीवर बसला होता, भिंतीला टेकून. तेजस्वीने पाणी आणलं, ते त्याने घेतलं नाही. मला वाटलं, आता शिव्या देईल, आणि मी त्या ऐकायला तयार होतो. पण तो मला काही बोललाच नाही. तो तुझ्याबद्दल बोलला.

"एकवीस वर्षांचा हुतो," म्हणाला. "पयली नोकरी, टीव्हीच्या दुकानात. अब्बा भाकरी घिऊन आलं हुतं, इचलकरंजीसनं शिफ्ट करून, सायकलवर. दुकानात पाऊल टाकलं त्यांनी, आन् मी म्हणालो, अब्बा, भायेर थांबा, हितं माल हाय."

मग म्हणाला, "थांबलं. उन्हात थांबलं. काय बी बोललं न्हाईत. परत कधी दुकानात आलं न्हाईत."

एवढं सांगून तो रडला, चमन. चौतीस वर्षांचा बाप्या, दोन लेकरांचा बाप, हुंदके देऊन रडला. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो, पण त्याच्या पाठीवर हात ठेवायची माझी हिंमत झाली नाही. त्या पाठीवर मी मागच्या वेळी काय म्हणून हात ठेवला होता ते मला माहीत होतं. शेवटी तोच उठला, तोंड धुतलं, आणि सही न घेता पावती इथेच टाकून मोटरसायकलला किक मारली. सम्राट मागोमाग गेला, विचारायला, कुठे चाललास. "घरला," म्हणाला.

हे पत्र तुला पोचेल तेव्हा त्याला येऊन दोन-तीन दिवस झाले असतील. तू त्याला काय म्हणालास ते मला कळणार नाही आणि कळायचं कारणही नाही. ते तुमचं आहे. मी तुझी नोकरी घालवली, कान घालवला, हे मला ठाऊक होतं. ती दुपार मला ठाऊक नव्हती. तू भाकरीचा डबा घेऊन पोराच्या दुकानाबाहेर उन्हात उभा राहिलास, तेही मीच उभं केलेलं.

बुधवारी सकाळच्या पॅसेंजरने मी हातकणंगल्याला येतोय. दार वाजवणार नाही. मेहमुदावहिनींना सांग, चहा टाकू नका. तुझ्या गल्लीत, तुझ्या दारासमोर, सगळ्यांना दिसेल असा उभा राहीन. कोणी विचारलं, 'पावणं, कोण पायजे?' तर सांगेन की मी कोण आणि मी काय केलं. जो थांबेल त्याला सांगेन. संध्याकाळच्या गाडीपर्यंत वेळ आहे.

तू आत बोलव असं म्हणत नाही. मी बाहेर थांबेन.

आकाराम